रात्रीचा पहारा आणि अंदाजपत्रक

(नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंदाजपत्रकाची चर्चा निघाली की रस्ते, गटारे आणि पाणीपट्टी यांविषयी प्रत्येकास काही ना काही सांगावयाचे असते. अग्निशामक बंबाची आठवण मात्र आग लागल्यावर होते आणि पोलीस शिपायांच्या संख्येची चौकशी घरफोडी झाल्यावर. याचे एक कारण असे की, आपल्याकडे पोलिसांचा खर्च राज्य सरकारच्या अवाढव्य अंदाजपत्रकात कोठेतरी सामावलेला असतो. त्यांच्या पगारासाठी जिल्ह्यात वेगळी पट्टी बसत नाही. त्यामुळे रात्री आपल्या गल्लीतून फिरणाऱ्या शिपायास वर्षाकाठी काय खर्च येतो, हे या सभेतील फारच थोड्यांना सांगता येईल.

अमेरिकेत तसे नाही. तेथे राज्याच्या खाली काउंटी नावाचा घटक असतो. आपल्या जिल्ह्याचा तो भाऊबंद म्हणावा. परंतु आपला जिल्हाधिकारी वरून नेमलेला, तर काउंटीचे आयुक्त लोकांनी निवडलेले. तिचा पोलीसप्रमुख, ज्यास शेरिफ म्हणतात, तोही बहुतेक ठिकाणी मतदारांनीच निवडलेला. तुरुंग काउंटीचा, आणीबाणीच्या वेळी दूरध्वनी उचलणारी माणसे पुष्कळ ठिकाणी काउंटीची, आणि या साऱ्यांच्या पगाराचा मोठा भार घरमालकांच्या पट्टीवर. शेरिफ लोकांचा असला तरी थैलीची दोरी आयुक्तांच्या हाती असते, आणि आयुक्तांचे हात मतदारांनी बांधलेले असतात. आपल्याकडे झाकलेली राहणारी गोष्ट तेथे अशी उघड्यावर येते. म्हणूनच ओरेगॉन राज्यातील जोसेफिन या काउंटीची हकीकत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

जोसेफिन काउंटी ओरेगॉनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,640 चौरस मैल, म्हणजे आपल्या गोव्याहून काहीसे अधिकच. आणि वस्ती 2010 च्या शिरगणतीत अवघी त्र्याऐंशी हजारांच्या आत. ग्रँट्स पास हे मुख्य शहर. बाकी सारा डोंगर, नद्या आणि सूचिपर्णी वृक्षांचे जंगल. या भूमीचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग केंद्र सरकारच्या मालकीचा आहे, आणि सरकारी जमिनीवर घरपट्टी बसत नाही. काउंटीच्या संसाराची मूळ अडचण ती हीच.

ही जमीन सरकारकडे कशी आली, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण पुढचे सारे त्यातूनच निघते. 1866 साली अमेरिकन काँग्रेसने ओरेगॉन ते कॅलिफोर्निया लोहमार्ग बांधण्यासाठी रेल्वे कंपनीस मार्गाच्या दुतर्फा अफाट जमीन बहाल केली. पुढे अट घालण्यात आली की, ही जमीन कंपनीने खऱ्याखुऱ्या वसाहतकऱ्यांनाच विकावी, एकास 160 एकरांपेक्षा जास्त देऊ नये आणि एकरी अडीच डॉलरांहून अधिक किंमत घेऊ नये. कंपनीने अट धाब्यावर बसवली. इमारती लाकडाचे भाव चढताच मोठमोठे तुकडे बड्या व्यापाऱ्यांच्या घशात गेले. अखेरीस 1916 साली काँग्रेसने शिल्लक जमीन परत घेतली. न्याय झाला खरा, परंतु ज्या काउंट्यांत ही जमीन होती त्यांच्या पट्टीच्या वहीतून ती त्याच दिवशी पुसली गेली. त्या नुकसानीची भरपाई म्हणून 1937 च्या कायद्याने असे ठरवले की, या जंगलातील लाकूड विकून जे येईल त्याचा निम्मा भाग पश्चिम ओरेगॉनमधील 18 काउंट्यांना मिळावा, आणि शिवाय आणखी चौथाई. ती चौथाई काउंट्यांनी पुढे जंगलाच्या निगेसाठी सोडून दिली. निम्मा भाग मात्र येत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीस ऊत आला आणि लाकडाला सोन्याचे मोल आले. काउंटीच्या तिजोरीत पैसा आपोआप येऊ लागला. शेरिफचे शिपाई, तुरुंगाचे रखवालदार, सरकारी वकिलाची कचेरी, सारे लाकडावर चालू लागले. नागरिकांवर पट्टी नाममात्र. कोणास वाटेल की यात वाईट ते काय? घरात वडिलोपार्जित उत्पन्न येत असेल तर मुलांनी कशासाठी कमवावे, असे म्हणणाऱ्यास आपण जे उत्तर देऊ तेच येथेही द्यावे लागते.

मग 1990 साल उजाडले आणि दोन गोष्टी एकदमच घडल्या. जुन्या अरण्यात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाच्या एका जातीस केंद्र सरकारने धोक्यातील प्राणी म्हणून संरक्षण दिले. त्यावरून चाललेल्या न्यायालयीन लढ्यांतून आणि 1994 च्या वनयोजनेतून सरकारी जंगलातील तोड पूर्वीच्या मानाने अल्पांशावर आली. घुबडास दोष देणारे लोक त्या भागात आजही पुष्कळ आहेत. आमच्या मते तो अन्याय आहे, कारण ज्या वेगाने जुनी अरण्ये साफ होत होती तो वेग घुबड नसते तरी फार काळ टिकणारा नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, त्याच वर्षी ओरेगॉनच्या मतदारांनी सार्वमताने घरपट्टीवर मर्यादा घातली, आणि 1997 साली आणखी पुढे जाऊन प्रत्येक स्थानिक संस्थेचा कायम दर जागच्या जागी गोठवून टाकला. करपात्र मूल्यही वर्षाला शेकडा तीनहून अधिक वाढू नये असे ठरले.

आता यातील खोच लक्षात घ्यावी. दर गोठला तो त्या वेळी जो होता त्याच्याच आधारे. लाकडाच्या पैशामुळे जोसेफिनची पट्टी नाममात्र होती, म्हणून तिचा कायम दरही हजार डॉलर मूल्यामागे सुमारे 58 सेंट एवढाच ठरला. शेजारच्या करी काउंटीची गत जवळजवळ हीच; तिचा दर 60 सेंटांच्या आसपास. दोन लाख डॉलर करपात्र मूल्याच्या घराला वर्षाकाठी साधारण 117 डॉलर. आणि हा दर मतदारांनी मनात आणले तरी वाढवता येत नाही! वाढवता येते ती फक्त मुदतीची जादा पट्टी. चालू खर्चासाठी ती जास्तीत जास्त पाच वर्षांची, आणि तीही मतदान घेऊन. लाकूड गेले, दर गोठला, आणि काउंटी मधल्यामध्ये सापडली.

2000 साली काँग्रेसने या काउंट्यांसाठी एक कायदा केला आणि लाकडाच्या उत्पन्नाऐवजी थेट केंद्राच्या तिजोरीतून रक्कम देण्यास आरंभ केला. कायद्यास मुदत होती, आणि ती कायद्यातच लिहिलेली होती. मुदत संपली, वाढवली. पुन्हा संपत आली, पुन्हा वाढवली, पण या खेपेस दरवर्षी घटत जाणाऱ्या हप्त्यांनी. 2012 पर्यंत सारे आटले. पुढेही काँग्रेसने अधूनमधून वर्षा-दोन वर्षांची मलमपट्टी केली. परंतु ज्यांना जुलैपासून जूनपर्यंतचे वर्ष आखावयाचे त्यांना वॉशिंग्टनच्या लहरीचा आधार काय कामाचा?

ओरेगॉनमध्ये काउंटीचे अंदाजपत्रक एक समिती तपासते. तीत आयुक्त असतात आणि तितकेच सामान्य मतदार असतात, ही पद्धत आम्हांस मोठी स्पृहणीय वाटते. पण समितीत कोणीही बसो, जमाखर्चाची तोंडमिळवणी करावीच लागते. काउंटीस तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. मे 2012 मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव आला: चार वर्षांसाठी हजारामागे 1 डॉलर 99 सेंट जादा पट्टी द्या, म्हणजे शेरिफ, तुरुंग, सरकारी वकील आणि बालगुन्हेगारांची व्यवस्था चालू राहील. मघाच्या घरास ही वाढ 398 डॉलरांची होती. मतदारांनी प्रस्ताव फेटाळला.

मग जे ठरले होते ते झाले. शेरिफच्या खात्यातून बहुसंख्य माणसे कमी करण्यात आली. गोव्याहून मोठ्या मुलखात गस्तीला मोजके शिपाई उरले आणि तेही सोमवार ते शुक्रवार दिवसपाळीस. मोठ्या गुन्ह्यांचा तपास करणारी शाखा बंद झाली. तुरुंगात रखवालदार नाहीत म्हणून कैदी सोडावे लागले. मुलांसाठीची कोठडी मिटवली. सरकारी वकिलाच्या कचेरीत पुरेसे वकील उरले नाहीत, तेव्हा किरकोळ गुन्ह्यांचे खटले भरणे सुटले. ग्रँट्स पास शहराचे पोलीस स्वतंत्र होते आणि शहरवासी त्यांचा खर्च वेगळा देत होते. तथापि तुरुंग काउंटीचा असल्यामुळे शहराच्या पोलिसांनाही पकडलेल्या चोराच्या हाती कागद देऊन त्यास घरी पाठवावे लागे. शेरिफच्या कचेरीने तर जाहीर सूचनाच काढली की, ज्यांना कोणापासून जिवाचे भय असेल आणि ज्यांनी न्यायालयाकडून संरक्षणाचा हुकूम घेतला असेल, त्यांनी पुरेसे पोलीस असलेल्या ठिकाणी राहावयास जाण्याचा विचार करावा.

ऑगस्टमध्ये, एका शनिवारी पहाटे, काउंटीच्या ग्रामीण भागातील एका स्त्रीने आणीबाणीचा क्रमांक फिरवला. ज्या पुरुषाने काही आठवड्यांपूर्वी तिला मारहाण करून रुग्णालयात पोहोचवले होते तो दार तोडू पाहत होता. शेरिफची कचेरी बंद. दूरध्वनी राज्य पोलिसांकडे जोडून देण्यात आला. त्यांच्याकडेही त्या वेळी पाठवण्यास कोणी नव्हते. दूरध्वनीवरील कर्मचारी दहा मिनिटांहून अधिक वेळ तिच्याशी बोलत राहिली. आपण त्यास निघून जाण्यास सांगून पाहाल का, इथपर्यंत विचारून झाले. तो आत शिरला आणि व्हावयाचे ते झाले. पुढे तो सापडला व त्यास शिक्षाही झाली. या प्रकरणात कामचुकारपणा कोणीच केलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. त्या दिवशी पहाटे पाच वाजता माणूस असावा एवढी तरतूद अंदाजपत्रकात नव्हती.

येथे थोडे गणित करू. आठवड्याचे तास 168. एक मनुष्य आठवड्यास 40 तास काम करतो. म्हणजे एकच जागा अहोरात्र भरलेली ठेवावयाची तर चार माणसांहून काही अधिक लागतात. त्यांच्या रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयात साक्षीला जाण्याचे दिवस धरले की हिशेब पाचावर जातो. काउंटीत कोणत्याही क्षणी गस्तीच्या दोन गाड्या असाव्यात, प्रत्येकीत एकच शिपाई, एवढी माफक इच्छा धरली तरी दहा शिपाई झाले. त्यांच्यावर देखरेख करणारा एक हवालदार सदैव हवा, तर आणखी पाच. दूरध्वनीच्या दोन खुर्च्यांसाठी दहा. तुरुंगाचे रखवालदार यात धरलेलेच नाहीत. "दहा माणसे आहेत की!" असे जेव्हा कोणी सभेत म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात एका वेळी दोनच जागा भरलेल्या आहेत, असे समजावे. मंजूर पदांचा आकडा छापून येतो. एका वेळी कामावर किती, हा आकडा छापून येत नाही, आणि संकटात उपयोगी पडतो तो हा दुसरा आकडा.

साधनसामग्रीचे गणित याहून फसवे असते. शिपाई कमी केला तर तो दुसऱ्या दिवशी दिसेनासा होतो. गाडी बदलणे पुढे ढकलले तर गाडी उभीच दिसते आणि सर्वांना समाधान वाटते. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकांप्रमाणे बंबवाल्याचा संरक्षक पोशाख बनल्यापासून दहा वर्षांनी बाद करावयाचा असतो, मग तो फाटलेला असो वा नसो. बंब पंधरा वर्षांनी पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावा आणि पंचवीस वर्षांनी निवृत्त करावा, अशी तिची शिफारस आहे. समजा, सहा लाख डॉलरांचा बंब वीस वर्षे चालवावयाचा आहे. तर दरवर्षी तीस हजार बाजूला टाकलेच पाहिजेत. तंगीच्या वर्षी कात्री प्रथम लागते ती या तीस हजारांना, कारण बंब ओरडत नाही. अशी दहा वर्षे गेली म्हणजे आपल्याजवळ जुना बंब असतो आणि तीन लाखांचे न लिहिलेले देणे असते.

आगीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जोसेफिनच्या काही भागांत अग्निशामक जिल्हे आहेत, त्यांची वेगळी पट्टी आहे. पण ग्रँट्स पासच्या भोवतालच्या मोठ्या वस्तीत सार्वजनिक बंबच नव्हता. तेथे खासगी कंपनी वर्गणी घेऊन आग विझवण्याचे काम करी. वर्गणीची पद्धत वरकरणी न्याय्य दिसते. जो पैसे देईल त्याला सेवा. तिचे टोक टेनेसी राज्यातील ओबियन काउंटीत 2010 च्या सप्टेंबरात दिसले. त्या काउंटीस स्वतःचे अग्निशामक दल नव्हते. साउथ फुल्टन शहराचा बंब वर्षाला 75 डॉलर भरणाऱ्या ग्रामीण घरांसाठी बाहेर जाई. एका घराची वर्गणी भरावयाची राहिली होती. आग लागली तेव्हा घरमालक म्हणत होता, लागेल तो खर्च देतो. बंबवाले आले ते वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याची हद्द वाचवण्यासाठी. घर जळून खाक होताना ते पाहत उभे राहिले. पुढच्याच वर्षी तसाच दुसरा प्रकार घडला, आणि मग 2012 मध्ये शहराने नियम बदलला. ज्यांनी आधी पैसे भरले नाहीत त्यांच्यासाठी विझवावयाचे ठरले तर वर्गणी कोण भरील, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. म्हणूनच अशी सेवा वर्गणीवर चालत नाही. तिला पट्टीच लागते.

मग जोसेफिनचे मतदार कंजूष आणि मूर्ख होते काय? तसे म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. त्यांच्यात निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध पुष्कळ होते. लाकडाच्या वखारी बंद पडून बेकार झालेले होते. शहरवासी म्हणत, आम्ही शहराच्या पोलिसांसाठी देतोच आहोत, दोनदा कशासाठी? आणि सर्वांत बळकट तक्रार ही की, भूमी वॉशिंग्टनची, जंगल तोडण्यास मनाई वॉशिंग्टनची, मग पहाऱ्याचा खर्च आमच्या माथी का? आज आपण पट्टी मान्य केली तर उद्या केंद्र सरकार जबाबदारीतून कायमचे सुटेल, असे त्यांना भय होते. ज्यांचा कारभार दूरच्या राजधानीतून ठरतो त्यांना ही भावना समजावून सांगावी लागणार नाही. परंतु तक्रार खरी असली तरी तिच्या निकालाची वाट पाहत असताना रात्र होतेच. ज्यांच्याजवळ बंदूक आणि मोटार होती त्यांनी शेजाऱ्यांची सशस्त्र गस्तमंडळे काढली. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, म्हाताऱ्याला, रस्त्यापासून दूर डोंगरात राहणाऱ्या गरिबाला अशा मंडळांचा किती आधार? शिवाय हौशी माणसाच्या हाती बंदूक देऊन पैसा वाचतो, या हिशेबात एका चुकलेल्या गोळीची किंमत कोणी धरत नाही.

मे 2013 मध्ये आयुक्तांनी आकडा 1 डॉलर 48 सेंटांवर आणला. प्रस्ताव अगदी थोडक्यात पडला. 2014 मध्ये 1 डॉलर 19 सेंट, तोही पडला. 2015 मध्ये 1 डॉलर 40 सेंट, पुन्हा नकार. ओरेगॉनमध्ये मतदान टपालाने होते, तेव्हा घरबसल्या विचार करण्यास वेळ नव्हता असेही म्हणता येत नाही. अखेरीस 2017 च्या मे महिन्यात 93 सेंटांची पाच वर्षांची पट्टी संमत झाली. ती कशासाठी होती हे पाहण्यासारखे आहे: फक्त प्रौढांचा तुरुंग आणि बालगुन्हेगारांची कोठडी. गस्त त्यात नव्हती. "सार्वजनिक सुरक्षा" या मोघम नावाने मागितलेले पैसे लोकांनी वारंवार नाकारले. एक ठराविक वस्तू दाखवून मागितलेले दिले. ही शिकवण आयुक्तांना पाच वर्षे उशिरा मिळाली, असे आमचे मत आहे. तरीही मूळ पेच सुटला नाही. मुदतीच्या पैशावर कायमचा माणूस कसा नेमावा? तरुण शिपाई शिकवून तयार करावा आणि चौथ्या वर्षी, पट्टीचे पुढे काय होणार हे न कळल्यामुळे, त्याने शेजारच्या काउंटीत नोकरी धरावी, तर त्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च शेजाऱ्याच्या कामी आला.

आता आपल्याकडे वळू. पोलीस राज्याचे असल्यामुळे जोसेफिनची गत आपली होणार नाही, हे खरे. पण बंबाचे तसे नाही. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कामांची जी बारावी अनुसूची घातली तीत अग्निशामक सेवा आहे. तथापि ती कोणाच्या हाती ठेवावी हे राज्यांवर सोडलेले आहे. महाराष्ट्रात बंब मुख्यतः नगरपालिका व महानगरपालिकांचे आहेत. कर्नाटकात आणि गोव्यात अग्निशामक दल हे राज्य सरकारचे खाते आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडे व पलीकडे, दहा-वीस मैलांच्या अंतरात, बंबाचा पैसा दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून येतो. पलीकडच्या गावी नगरसेवकाला धरून जाब विचारता येतो, पण पालिका दरिद्री असेल तर जाब मिळून उपयोग नाही. अलीकडे तिजोरी मोठी आहे, पण जाब विचारावयाचा तर आमदाराला, तोही वर्षातून एकदा खात्याच्या मागण्या सभागृहापुढे येतील तेव्हा.

2023 मध्ये केंद्र सरकारने राज्यांतील अग्निशामक सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना सुरू केली, आणि राज्यांनी आपलाही वाटा घालावा अशी अट ठेवली. योजनेचा रोख केंद्रे, साधने आणि प्रशिक्षण यांवर आहे. नवे बंब येतील तेव्हा समारंभ होईल, हार घातले जातील, छायाचित्रे छापून येतील. त्या दिवशी आपण नागरिकांनी तेथे जावे आणि अधिकाऱ्यांना आदराने तीन गोष्टी विचाराव्यात: या केंद्रावर मंजूर पदे किती व भरलेली किती, आज रात्री दोन वाजता प्रत्यक्ष कामावर किती माणसे असतील, आणि जुना बंब कोणत्या साली घेतलेला आहे. उत्तरे लिहून घ्यावीत, आणि पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक येईल तेव्हा ती जवळ ठेवून ते वाचावे.